पेडलवरचा वरवंटा

वाशी, ३ नोव्हेंबर १९८१. सकाळी सात.
ह्यांना जाऊन आठ महिने झाले. ह्यांची विलायती गाडी तेव्हापासून खाली उभी. क्लचचं पेडल दाबलं की खाली जातं, वर येत नाही. माझे दीर, दिनानाथभावजी, काल म्हणाले, वहिनी, महिनाअखेर चालू झाली तर ठेवा, नाहीतर मी भंगारवाला आणतो. ठीक. मीच दुरुस्त करणार. चालवायला शिकायचं कारण नाही. सोळा वर्षं शेजारी बसले आहे.

५ नोव्हेंबर
गाडीचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचतेय. सहा पानं झाली. हा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. सिलिंडरातली रबरं बदलली की झालं. रविवारपर्यंत होईल.

११ नोव्हेंबर
रविवारी झालं नाही. सिलिंडर निघाला, साडी गेली. तुर्भ्याचा कासिम मेकॅनिक रबरं देऊन गेला. म्हणाला, वैनी, हात नका लावू, मी शुक्रवारी येतो. त्याला कुठे माहीत मी किती वाचलंय.

१२ नोव्हेंबर
रबर आत जाईना. शिवणाच्या मशीनचं तेल लावलं. सर्रकन गेलं. पुस्तकवाल्यांना एवढं सुचलं नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.
कासिम आला नाही. तेलाच्या नळीत अडकलेली हवा काढायची राहिली होती. पुस्तकात आहे, एकाने पेडल दाबून धरावं, दुसऱ्याने खालचा स्क्रू सोडावा. पूर्वी हे खालून ओरडायचे, दाब. मी म्हणायची, दाबलं. मग हे, अगं, तो ब्रेक!
दुसऱ्या माणसाची तशी गरज नाही. पेडलवर वरवंटा ठेवला, गाडीखाली गेले. दाब, मीच म्हटलं. दाबलं, तेही मीच म्हटलं. बराच वेळ. डोळ्यांत तेल गेलं असावं.

१५ नोव्हेंबर
पेडल घट्ट! पुढच्या रविवारी भावजींना गाडीतून पनवेलला नेणार.

२० नोव्हेंबर
पेडल हलतच नाही. कासिम आला. सिलिंडरातल्या तेलाचं बोट हुंगून म्हणाला, काय लावलंत वैनी? सांगितलं. कपाळाला हात लावला. ते तेल रबराला चालत नाय म्हणे. रबर फुगून अडकलंय, सिलिंडर गेला, तसला आता मिळत नाय.
मी म्हटलं, तू शुक्रवारी आला असतास तर!
म्हणाला, आलो होतो ना. तुमी गाडीखाली बोलत होता. वाटलं, सोबत कोन तरी हाय. म्हनून परत गेलो.

३० नोव्हेंबर
भंगारवाल्याची तीन माणसं आली. गाडी ढकलत नेली. ढकलायला क्लच लागत नाही. एकाने सांगितलं, बाई, जरा स्टिअरिंग धरा. बसले. गेटपर्यंत गाडी मीच चालवली.