खिशातली बॅटरी

शनिवार, १४ जून

आई गेल्यापासून बाबा कशातच रमत नाहीत. इथे परदेशात माझ्याकडे आल्यापासूनही रोज एकच, परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं कर. आज विकलो नावाच्या डोंगरात नेलं, खालच्या तळ्यापासून वरच्या तळ्यापर्यंत. नेऊन चूक तर केली नाही ना, असं दहादा वाटलं. उभं आयुष्य सह्याद्रीत भटकलेला माणूस, पण दुपारपासून खिशातली बॅटरी चाचपत होता. "अंधार पडायच्या आत उतरू." इथे दहापर्यंत उजेड असतो, हे सांगून मी थकले. वरच्या तळ्याशी साडेआठला ऊन होतं. थालीपीठं संपली तरी होतं. तेव्हा कुठे त्यांनी बॅटरी माझ्या सॅकमध्ये टाकली.

उतरताना म्हणाले, "जुलैतही इतकाच उजेड असतो का गं?"

मी नुसतं हो म्हटलं. तिकीट याच महिनाअखेरचं आहे.