आजोबांचं पिस्तूल आणि पहिला ग्लास

पेकन फोर्ड, टेक्सस
६ मे २०१४

आदरणीय लव्हिनियाताईस,
धाकट्या होरेसचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टर रोज चालायला सांगतो आणि तू त्याच्याशीच भांडतेस, असं भाचीने कळवलं. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त अजून अटक झालेली नाही.

आपल्या राज्याचा कायदा तू जाणतेसच. खांद्यावर रायफल टांगून भर बाजारात फिरलं तर कुणी हटकत नाही. पण परवाना असलेलं पिस्तूलही कोटाबाहेर डोकावलं की गुन्हा. (सभ्य माणूस आणि गुन्हेगार यांत एका कोटाचं अंतर कसं, याचं मला खरोखर कुतूहल आहे.) असा कायदा अर्जविनंत्यांनी बदलत नाही. कुणीतरी तो उघडपणे मोडावा, शिक्षा मागून घ्यावी आणि न्यायालयाला विचार करायला लावावं, हे मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. म्हणून शनिवारी आजोबांचं पिस्तूल (रिकामं) कमरेला लावून मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहिलो, पाऊण तास बोललो आणि शेवटी मनगटं पुढे केली.

पोलीस डेप्युटी वेंडेल प्रूट आला. माझाच विद्यार्थी. त्याने आधी हॅट काढली, मग वाकून पिस्तूल पाहिलं.

“सर, हे कुठल्या सालचं?”

“अठराशे त्र्याहत्तर,” मी छाती काढून म्हणालो.

“मग बेड्या नाही घालता येत. अठराशे नव्याण्णवच्या आधीचं असलं तर कायद्याच्या लेखी हे हत्यारच नाही. कलम शेवटपर्यंत वाचा, हे तुम्हीच शिकवलं होतंत.”

म्हणजे पाऊण तास मी कायदा मोडतच नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या ओडेलबाईंनी लिंबू सरबताचा ग्लास हातात दिला आणि वर विचारलं, “नाटक पुन्हा कधी?”

तुझा,
होरेस

ता.क. खरं काम हे : बाबांचं नवं पिस्तूल तुझ्या पिठाच्या डब्यामागे आहे. येत्या शनिवारी घेऊन ये. या वेळी अटक झालीच पाहिजे.

पुन्हा ता.क. पिस्तूल आणू नकोस. पत्र पाकिटात घालण्याआधी काल दाढी करायला गावातल्या मेक्सिकन न्हाव्याकडे, युसेबियो कान्तूकडे गेलो होतो. गळ्याशी वस्तरा धरून तो म्हणाला, “मास्तर, आजोबांचं पिस्तूल कायदेशीर आहे ना? मग शनिवारी ते मी लावतो. त्याच पायऱ्या, तेच भाषण. बघू या, मला सरबत मिळतं का.” वस्तरा गळ्याशी होता, मान हलवायची सोय नव्हती. नको म्हणालो असतो, तर मी मागतो तो हक्क नक्की कुणाकुणाचा, हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं. म्हणून हो म्हणालो, आणि तेव्हापासून झोप नाही. मी त्याला खेटून उभा राहीन, वेंडेललाही कळवलं आहे.

तू सरबत करून आण. पहिला ग्लास त्याला दे, आणि टाळ्या वाजायची वाट पाहू नकोस.