प्लास्टर घट्ट होईपर्यंत

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात सगळं खुशाल म्हणून लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. ठकी जन्मली तेव्हाच तिचे दोन्ही पाय घोट्यापाशी आत वळलेले होते, तळवे एकमेकांकडे बघणारे. तू तीस वर्षं इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत काढलेली, म्हणजे सगळ्यांत आधी तुलाच कळवायला हवं होतं. पण लिहायला हात धजेना. तुझी वहिनी रोज म्हणायची, ताईंना लिहा. मी रोज म्हणायचो, उद्या.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, असे पाय सरळ होतात. दर आठवड्याला थोडे थोडे वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, सहा-सात वेळा. तीन झाली. पण दुसरं सैल पडलं आणि तिसरंही चार दिवसांत घसरलं. परवा डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. असंच होत राहिलं तर पुढे मोठं ऑपरेशन करावं लागेल, असं त्या हळूच म्हणाल्या. तुझ्या वहिनीने ते ऐकलं आणि घरी येईपर्यंत ठकीचे पाय पदराखाली धरून ठेवले.

ताई, यात आमचं काही चुकतंय का? तिला उचलताना, कपडे बदलताना? तू विचारशील त्याचं उत्तर देईन. लपवल्याबद्दल रागाव, पण पत्र लगेच धाड.

तुझा,
मास्तर

ता. ८ जानेवारी

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

रागावले. एक पूर्ण दिवस रागावले, आता ते झालं. तू सहा महिन्यांचा असताना पलंगावरून पडलास तेव्हा मीही आईपासून दोन दिवस लपवलं होतं, त्यामुळे तुला फार बोलायचा मला अधिकार नाही. वहिनीला आधी सांग की तिचं काही चुकलेलं नाही. पोटात असताना नाही आणि आत्ताही नाही. हे वाक्य तिला वाचून दाखव, आणि दोनदा दाखव.

आता कामाचं. ठकीच्या पायाची बोटं रोज बघायची. प्लास्टर घातलं तेव्हा त्याच्या तोंडाशी ती दिसत होती तेवढीच दिसायला हवीत. बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलं. मग आठवडा भरायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढून घ्यायचं. घसरलेलं प्लास्टर पायाला चुकीच्या जागी दाबतं.

आणि पुढच्या वेळी खोलीत नुसता उभा राहू नकोस, बघ. पट्ट्या कुठल्या पाण्यात बुडवतात? पाणी गरम की गार? बादली कशी आहे? पट्टी गुंडाळून झाल्यावर घोट्याभोवती दाबून आकार देतात, तो द्यायला त्यांना वेळ मिळतो का, की त्याआधीच प्लास्टर घट्ट होतं? तू शाळेत मुलांना निरीक्षण करा म्हणून ओरडतोस ना, आता स्वतः कर.

मला यायचंय. पण इथे प्लास्टरच्या खोलीत मी एकटीच उरले आहे, जोडीदारीण बाळंतपणाला गेली. ठकीच्या दोन्ही अंगठ्यांना माझे पापे.

तुझी,
ताई

ता. १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचलं आणि पत्र आपल्या उशाशी ठेवलं.

चौथं प्लास्टर काल झालं. इथे प्लास्टरचं काम एक वयस्क गृहस्थ करतात, सगळे त्यांना प्लास्टरमामा म्हणतात. कमी बोलणारे, जाड भिंगांचा चष्मा. डॉक्टरीणबाई पाय वळवून धरतात आणि मामा भराभर पट्ट्या गुंडाळतात. बादली एकच, सकाळपासूनची. पाण्यातून वाफ निघत होती. आमचा नंबर अकरावा होता. तोवर पाणी ताकासारखं झालेलं आणि तळाशी पांढरा गाळ, त्यात कडक झालेले तुकडे. मामा घोट्याभोवती दाबायला लागले तेव्हा प्लास्टर आधीच ताठरलं होतं. त्यांनी जोर लावला तर पापुद्रे सुटल्याचा बारीक आवाज आला. मी हात लावला तर चांगलंच गरम लागलं. ठकी किंचाळत होती. बाहेर आणखी नऊ जण होते.

आज सकाळी डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट आत गेलेलं दिसलं. तू सांगितल्याप्रमाणे लगेच काढून आणलं. आता पाय मोकळे आहेत आणि परत पूर्वीसारखे वळलेत.

तुझा,
मास्तर

ता. १७ जानेवारी

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

अरे रसायनशास्त्राच्या पंडिता, दरवर्षी फळ्यावर लिहितोस ना, अभिक्रियेच्या वेगावर परिणाम करणारे घटक? तेच त्या बादलीत होते आणि तू बादलीशेजारी उभा होतास.

प्लास्टर वाळतं असं लोक म्हणतात, पण ते वाळत नाही, पाण्याशी जोडलं जाऊन दगड होतं. पाणी जितकं ऊन, तितकं हे लवकर. शिवाय घट्ट होताना ते स्वतः तापतं, आणि तापलं की आणखी घाई करतं. पण खरा चोर तो गाळ. आधीच घट्ट झालेल्या प्लास्टरचा चुरा पाण्यात असेल तर नवं प्लास्टर त्याच्यावर धावत जाऊन बसतं. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्यातल्या एकीने गंमत म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाकलं होतं. मिठानेही तसंच होतं. शिकवणाऱ्या बाईसाहेबांचा हात पट्टीसकट बादलीच्या काठाला चिकटला आणि आम्ही हसून हसून जमिनीवर.

ठकीच्या बाबतीत हसण्यासारखं नाही. बाळाचा घोटा म्हणजे केवढा. तिथे आकार द्यायला चार-पाच मिनिटं मऊ प्लास्टर लागतं. ते आधीच घट्ट झालं तर नळीसारखं राहतं, आणि नळीतून पाय निसटतोच.

मामांना सांग. पण मास्तर, सांगताना मास्तर होऊ नकोस. एकटे असताना गाठ, हात जोड आणि म्हण, आमच्यासाठी तेवढी बादली बदलाल का. बास. त्याच्यापुढे एक शब्द नको.

तुझी,
ताई

ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बास म्हणालीस तिथे मी थांबलो नाही.

तुझं पत्र आल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीन पेले मांडले. नळाच्या गार पाण्यात प्लास्टर घट्ट व्हायला साडेतेरा मिनिटं लागली, ऊन पाण्यात नऊ. आणि गारच पाणी, पण त्यात चमचाभर जुना चुरा, तर पाचच मिनिटं! मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं उत्प्रेरक, तापमान, पृष्ठभाग असं घोकून घेतलं, पण पेल्यातला चमचा असा अचानक अडकलेला कधी अनुभवला नव्हता. चुरा हा काही काटेकोर अर्थाने उत्प्रेरक नव्हे, तो नव्या स्फटिकांना बसायला पाट देतो, एवढंच. हे मी तुला सांगतोय ते ठीक. पण हे मी मामांनाही सांगितलं. तक्ता घेऊन गेलो होतो. आणि खोलीत सातआठ माणसं होती.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, गुरुजी, मी हे काम तुमच्या जन्माच्या आधीपासून करतो, तुम्हाला पटत नसेल तर दुसरं इस्पितळ बघा. दुसरं इस्पितळ इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. त्या दिवशी ठकीला प्लास्टर न घालताच आम्ही परत आलो. वहिनी वाटेत म्हणाली, तुम्हाला बरोबर ठरायचं होतं की तिचा पाय सरळ करायचा होता?

निघताना मामांनी एवढंच विचारलं की हे शिकवलं कोणी. मी तुझं नाव-पत्ता दिला. तेही चुकलं असेल.

तुझा,
मास्तर

ता. २५ जानेवारी

श्रीमती ताई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आपले बंधू तक्ता घेऊन आले होते, ते कळलंच असेल.

मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते सर्वांसमोर होतं. तरी माझी बाजू लिहितो. पाणी मी माझ्या सोयीने ऊन घेत नाही, असं मला वाटायचं. गार पट्टी लागली की लेकरं दचकतात, रडतात, पाय झाडतात. मग डॉक्टरीणबाईंना धरवत नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या बोटांची पेरं सुजली आहेत आणि या थंडीत गार पाण्यात ती वाकत नाहीत. हे इथे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर घरी बसवतील. बादलीचं म्हणाल तर नळ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. भरलेली बादली मला एका खेपेलाही जड जाते, वीस वेळा कुठून आणू?

आपण या कामातल्या आहात म्हणून विचारतो. बाळ रडत असताना, गार पाण्यात, अशा हातांनी, पाच मिनिटं घोटा धरायचा कसा? आपण कसा धरता?

आपला,
प्लास्टरमामा

ता. २९ जानेवारी

श्री. मामा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुमच्याविषयी आदर वाटला. भावाच्या आगाऊपणाची मी माफी मागते. मनाने तो वाईट नाही, पण खडू हातात नसला तरी त्याचा फळा सुरूच असतो.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. हे माझ्या भावाला ठाऊक नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी, खोली भरलेली असताना, लवकर उरकावं म्हणून मी पाणी कढत घेतलं, थर जाड दिले आणि पोराचा पाय उशीवर टेकवून दुसऱ्याकडे वळले. प्लास्टर आतून तापलं आणि ती ऊब उशीमुळे बाहेर जाईना. पोरगं रडत होतं. मी त्याच्या आईला म्हणाले, रडतातच. प्लास्टर कापलं तेव्हा टाचेवर बटणाएवढा भाजल्याचा फोड होता. त्या बाईने मला काही म्हटलं नाही. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी घाई सोडली.

आता तुमचा प्रश्न. पाणी बर्फासारखं नको. खोलीत थोडा वेळ ठेवलेलं असावं, बोट घातलं तर ना गार ना ऊन वाटेल असं. बाळाला आईच्या अंगावर पाजत ठेवा. पिणारं बाळ पाय झाडत नाही. तुमच्यासाठी शेजारी ऊन पाण्याचं वेगळं भांडं ठेवा, मधूनमधून हात त्यात शेकायचे, पुसायचे, मग काम. आणि प्लास्टरला वेळ मिळाला की बोटांना जोर लावावा लागत नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. घट्ट झालेल्याशी झगडूनच आपली पेरं जातात.

बादल्यांचं सोपं आहे. माझा भाऊ धडधाकट आहे, त्याला कामाला लावा.

तुमची,
एक सहकारी

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मामांना काय लिहिलंस, ते मामा सांगत नाहीत. पत्र खिशात ठेवतात आणि मी विचारलं की चष्मा पुसतात. पण त्यांनी स्वतः निरोप धाडला, की गुरुजींना म्हणावं सकाळी लवकर या, आणि बाह्या दुमडून या.

मी गेलो तेव्हा दोन बादल्या माझ्या हातात दिल्या. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, आठवड्यातून एकदा. प्रत्येक मुलामागे ताजं पाणी, रिकामी बादली नळाखाली खरवडून धुवायची. पहिल्या दिवशी तेवीस खेपा झाल्या आणि माझी कंबर धरली. मामा म्हणाले, आता तक्ता करा. सगळी खोली हसली, मीही हसलो.

ठकीच्या वेळी वहिनी तिला पाजत बसली. पट्टी लागली तेव्हा ठकीने क्षणभर तोंड सोडलं, विचार केला, आणि परत पिऊ लागली. मामांनी घोट्याभोवती अंगठे फिरवले, अगदी हळू, मऊ मातीवर फिरवावेत तसे. कुठे पापुद्रा सुटला नाही. डॉक्टरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या, हे असं हवं होतं. आज आठवा दिवस. दहाही बोटं जिथल्या तिथे आहेत. वहिनी दिवसातून वीसदा मोजते. आज दुसरं घातलं.

मामांची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. चूक जिथे केली तिथेच. ते म्हणाले, गुरुजी, बादली सांडतेय.

तुझा,
मास्तर

ता. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नव्याने पाच प्लास्टरं झाली, एकही घसरलं नाही. शेवटच्याच्या आधी डॉक्टरीणबाईंनी टाच खाली यावी म्हणून टाचेमागची आखडलेली शीर बारीकशी छेदली. तू आधीच समजावलं होतंस म्हणून वहिनी धीराने बसली, बाहेर जाऊन रडलो तो मी. त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे होतं. मोठं ऑपरेशन नको, असं त्यांनी सांगितलं आहे. आता दांडीला जोडलेले बूट आहेत, बरीच वर्षं झोपताना घालायचे. घालू.

काल ते शेवटचं प्लास्टर काढलं. कात्रीने कापून मामांनी दोन्ही टरफलं बाजूला ठेवली, कोमट पाण्याने पाय धुतले, पुसले. तीन आठवडे झाकलेली त्वचा सालासारखी सुटत होती. मग त्यांनी दोन्ही तळवे आपल्या तळहातांत घेतले आणि तसेच उभे राहिले. बाहेरून पुढच्या नंबराची विचारणा झाली. डॉक्टरीणबाईंनी हाताने थांबायला सांगितलं. मी विचारलं, मामा, आता कशाची वाट बघताय? ते म्हणाले, परत वळतात का बघतोय.

मग एकेक बोट उचलत त्यांनी हात काढून घेतले.

नाही वळले, ताई.

तुझा लोभ आमच्यावर आहेच. आता तू आपल्या पायांनी इकडे ये, म्हणजे ठकी आपले दाखवेल.

तुझा,
मास्तर