न पाहता केलेली सही

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे, मल्लेश्वरमच्या आपल्याच घरात, जेवणाच्या टेबलावर. आई आत पडली आहे. काय लिहितेस म्हणून विचारलं तिनं, ऑफिसचं म्हटलं.

शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला तुमच्या सरकारी ट्रेनिंग सेंटरमध्ये घेऊन जायचात. नव्या बॅचला तुम्ही कित्येक आठवडे मशीनला हात लावू द्यायचा नाहीत. प्रत्येकाला लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा आणि कानस. बसा घासत. कुणी ठोकळा घेऊन आला की तुम्ही खिडकीशी जायचात, त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावायचात, एक डोळा मिटायचात. फटीतून उजेड दिसला की न बोलता ठोकळा परत. मुलं तुमच्या नावानं खडे फोडायची. मीही फोडले. एका कारखानदारानं आपल्या कामगारांची यादी पाठवली होती, परीक्षा न घेताच पास करा म्हणून. तुम्ही ती तशीच परत केलीत आणि तुमची बढती हुकली. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असताना, मी तुम्हाला विचारलं, "एवढं ताठ राहून तुम्हाला मिळालं काय?" तुम्ही हार काढून खुर्चीवर ठेवलात. त्यानंतर आपल्यात हा विषय कधी निघाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही गेल्यावर मला नोकरी लागली, तीही तुमच्यासारख्याच खात्यात. छोट्या खाजगी कारखान्यांना कामगार शिकवायला आम्ही मदत देतो. शिकाऊ कामगारानं माझ्यासमोर मशीन चालवून दाखवायचं, मगच मी सही करायची, एवढं साधं काम. गेल्या महिन्यात आनेकलच्या एका कारखान्यात गेले होते. चौघी मुलींचं पाहून झालं आणि वीज गेली. मॅनेजरनं कॉफी मागवली. बाकीच्याही अशाच तयार झाल्यात म्हणाला, "स्वल्प अडजस्ट माडी, मॅडम," थोडं सांभाळून घ्या. पाच वाजत आले होते, परतीचं ट्रॅफिक डोळ्यांसमोर होतं. मी कॉफी पीत पीत उरलेल्या सगळ्या कागदांवर सह्या करून टाकल्या.

त्यातली एक मुलगी पहिल्या दिवसापासून नुसतं पॅकिंग करत होती. तिला प्रेस मशीनजवळ कुणी उभंही केलेलं नव्हतं. प्रमाणपत्र आलं आणि तिसऱ्या दिवशी उभं केलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली, अण्णा. कारखान्यानं लिहून दिलं की कामगार प्रशिक्षित होती, निष्काळजीपणा तिचा. पुरावा म्हणून माझ्या सहीचा कागद जोडला. म्हणजे तिला भरपाई मिळायची नाही ती माझ्या सहीमुळे.

परवा चौकशी अधिकाऱ्यांबरोबर हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, मशीन शिकवलं होतं का. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अक्कांनी सगळं नीट पाहिलं होतं. माझंच लक्ष नव्हतं." त्यांनी ते लिहून घेतलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते आणि मी त्यांना ते लिहू दिलं. बाहेर आल्यावर तिची आई रडत म्हणाली, खरं सांगितलं तर प्रमाणपत्र रद्द होईल, नोकरीही जाईल, असं तिला कारखान्यातल्या लोकांनी सांगून ठेवलंय.

काल मी लेखी निवेदन दिलं. सही माझी आहे आणि या मुलीला मशीनवर मी कधीच पाहिलेलं नाही. आमचे साहेब म्हणाले, मुलीनंच कबूल केलंय, तुम्ही कशाला उगाच अंगावर ओढवून घेता. मी पोच घेऊन बाहेर पडले. आता माझ्या नोकरीचं व्हायचं ते होईल.

पण लेक आपल्यावर गेली असं वाटून घेऊ नका. निवेदनात एक गोष्ट मी लिहिलेली नाही, आणि हा कागद कुठे जाणार नाही म्हणूनच इथे लिहिते आहे. ती पोर माझ्याकडे बघत ते खोटं बोलली ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.