भावजींच्या नावापुढची खूण

४ नोव्हें. २००९, कळंब
अनघाने बजावले म्हणून लिहिते. (भाची. पुण्यात प्रयोगशाळेत, संगणकावर.) "मावशी, घरात अंधारात कोणाला दिसतं, कोणाला नाही, तारखेनिशी लिही." मुक्ता आणि ओम, माझी दोन्ही नातवंडे, दिवस मावळला की चाचपडतात. डॉक्टर म्हणाले, प्रकार दोन. एकात जन्मभर एवढेच. दुसऱ्यात पुढे दिवसाही...
मुक्ता नऊ वर्षांची आहे.

७ नोव्हें.
वंशावळ काढली. आमच्यात सोयरीक जवळच्यातच, रेघा एकमेकींत अडकतात. दोन्ही मुलांपुढे काळी खूण, म्हणजे अंधारात दिसत नाही. बाकी कोरे. सगळ्यांचे रक्त पुण्याला तपासायला; मढच्या भावजींनीही (माझे दीर) दिले, त्यांच्यापुढे कोरे.

२६ नोव्हें.
अनघाचा फोन. सॉफ्टवेअरने आमच्या जनुकांतले हजारो फरक चाळले. चारचौघांत सर्रास सापडणारे बाद. दुर्मीळ उरले, त्यांतले आईबाप दोघांकडून आलेले ठेवले. अंधारात दिसणाऱ्या कुणाकडे तसेच दुहेरी निघाले, तर तेही बाद. शिल्लक शून्य.
"मग तुझ्या चाळणीला भोक आहे."
"चाळण ठीक आहे, मावशी. वंशावळ तपास."
जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बी.एस्सी. बाईला हे ऐकावे लागले!

२९ नोव्हें., मढ
भावजी ऊन असतानाच घरी परतले. नेहमीचेच. बिबट्याला भितात म्हणून गावभर चेष्टा. तिन्हीसांजेला चहा घेताना लाईट गेली. आम्ही उठलो, ते बसूनच. टोपी गुडघ्यावर, आणि ते ती शोधत चटई चाचपताहेत.
"भावजी, माझी बोटं किती?"
"वैनी, शाळा सुटली की आता तुमची."
जाऊबाई खदखदल्या. "सांगा की! मला लग्नापासनं म्हाईत हाय."
"वाघाला भितो म्हनलं तर लोक नुसतं हसत्यात. आंधळा म्हनलं असतं तर हिच्या बापानं पोरगी दिली असती व्हय?"

३० नोव्हें.
सकाळी माझ्या सुईत दोरा त्यांनीच ओवला. वय बासष्ट, चष्मा नाही. म्हणजे दिवसाची नजर अजून शाबूत. मी सुई धरून उभीच...

२ डिसें., कळंब
भावजींपुढची खूण काळी केली, अनघाला कळवले. तिने पुन्हा चाळले. आधी भावजींमुळे बाद झालेला फरक तेवढा एकच उरला. "न वाढणाऱ्या प्रकारातला दिसतोय, मावशी!" ती ओरडली. मीही. शेजारीण धावत आली. शिरा केला. पण खात्री व्हायची आहे, नव्या रक्तावर, दुसऱ्या पद्धतीने.

५ डिसें.
भावजी सकाळच्या एस.टी.ने हजर. "अंधाराच्या आत सोडा मला."
मुक्ता : "वाघ येतो, आजोबा?"
"लई मोठा. तुझ्या नि माझ्याच मागं."
दोघे हसत सुटले.
अनघा पुण्याहून आली होती, तिच्या हाती दिले : रक्ताच्या नळ्या तीन (मुक्ता, ओम, भावजी). दुरुस्त वंशावळ एक. शेंगदाण्याचे लाडू डबाभर, मागितले नव्हते. उत्तर कधी, ते मी विचारले नाही.