दबलेला खांदा

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर १९७६

प्रिय अक्का,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं. माळशिरसच्या शाळेत तू रमलीस हे अप्पांना पटत नाही. ‘तिनं खरंच लिहिलंय की तू आपलं सांगतोयस?’ असं मलाच विचारतात. या घरात आता कुणाला कुणाचं खरं वाटत नाही. ती खोड मीच लावली.

फोटो स्टुडिओत कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी सरांनी दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापायला शिकवलं, तेव्हा मी वेडावलोच होतो. गल्लीतल्या सिद्धप्पाचं डोकं पैलवानाच्या धडावर बसवलं. छापलेल्या फोटोवर ब्रश फिरवून गर्दीतला माणूस नाहीसा केला. हाताला हे जमायला लागलं तसा डोळा बिघडला. कुणाकडंही गेलो की भिंतीवरच्या फोटोंत जोड शोधायचो.

त्याच दिवसांत अक्कलकोटहून तुझ्यासाठी स्थळ म्हणून ईरप्पांचा फोटो आला. तू तो दोनदा बघायला मागून घेतलास. मी भिंग लावलं. मागचा पडदा एका बाजूला नको इतका गुळगुळीत होता. कोटाचा खांदा दबलेला, कुणी हात ठेवल्यावर दबतो तसा. हात मात्र नव्हता. मी अप्पांना म्हणालो, ‘शेजारी बाई होती, पुसलीय.’ दुसऱ्याच दिवशी अप्पांनी नकार कळवला. त्यानंतर तू एकही स्थळ बघू दिलं नाहीस आणि नोकरी धरून लांब गेलीस.

अक्का, मला बाईचा हात दिसला नव्हता. कुणाचाच दिसला नव्हता. अप्पा पहिल्यांदाच माझं कान देऊन ऐकत होते, म्हणून ‘बहुतेक’ हा शब्द मी गिळला.

गेल्या सोमवारी नवी पेठेत सरांच्या स्टुडिओत ईरप्पा आले. मी फोटोवरून ओळखलं; त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. निगेटिव्ह देऊन म्हणाले, ‘हाय तसा छापा. काई पुसू नका.’ मला वाटलं, आता सापडली बाई. डार्करूममध्ये मीच गेलो. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर हळूहळू शेजारचा माणूस उमटला. वयानं मोठा, हात ईरप्पांच्या खांद्यावर, तोंडावर नि बोटांवर कोडाचे पांढरे डाग. बाहेर आणून दाखवला तर ईरप्पा म्हणाले, ‘थोरला भाऊ, चन्नप्पा. त्यानंच मला वाढवलं. कोड दिसलं तर पोरगी कोण देणार म्हणून स्वतःच पुसून घेतलं. गेला मागच्या महिन्यात.’

तरी मला संशयच! ही गोष्टही रचलेली असेल म्हणून गुरुवारी अक्कलकोटला जाऊन शेजारीपाजारी विचारलं. सगळं खरं होतं. मग मान खाली घालून त्यांच्या दारात गेलो नि मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला आत बोलावलं. मग म्हणाले, ‘लपवलं तर आमीच की. तुमाला संशय आला, त्यात काय नवल?’ आणि विचारलं, ‘तुमच्या अक्कांचं लग्न झालं?’

नाही म्हणालो. त्यांचंही नाही. त्यांनी तुझा पत्ता मागितला; मी दिला नाही, त्यासाठी हे पत्र. घरात कोड आहे आणि त्यांनी ते लपवलं होतं, हे दोन्ही तुला ठाऊक हवं. मी तेव्हा काय केलं तेही. अप्पांना यातलं काही माहीत नाही. पत्ता देऊ की नको, एवढंच कळव. या वेळी तुझ्या वतीनं मी बोलणार नाही.

तुझाच,
शिवलिंगप्पा