हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळी सात

राग अजून उतरलेला नाही. प्रयोगशाळेतल्या लेझरच्या खोलीबाहेरचा दिवा, झोत अडवणारं शटर बंद असेल तरच हिरवा व्हावा, नाहीतर लाल. एवढ्यासाठी शटरवरच्या सेन्सरपासून सर्किट कार्डाच्या इनपुटपर्यंत आणि आउटपुटपासून दिव्यापर्यंत एकेक तार मी स्वतः जोडली होती. गेल्या आठवड्यात सेन्सर बिघडला आणि दिवा लालच राहिला. राहणारच, जोडणी त्यासाठीच तशी केली आहे.

उद्या तपासणी समिती येणार, म्हणून विभागप्रमुखांनी हिरव्या दिव्याला थेट वीजपुरवठ्याची तार लावून घेतली; म्हणजे शटर उघडं असो की बंद, दिवा हिरवाच. मला न विचारता!

दुपारी माझी विद्यार्थिनी सायली हिरवा दिवा बघून दार उघडून उभी राहिली. शटर उघडं होतं. ती सँडलचा पट्टा सोडायला वाकली आणि झोत डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेला. चपला दारात काढायची पद्धत नसती तर? पोरीचे डोळे...

"अहो मॅडम, झालं तर काही नाही ना?" जाब विचारला तेव्हा विभागप्रमुख सर म्हणाले. "समितीसमोर लाल दिवा बरा दिसतो का?"

"मग हिरव्या दिव्याचा फोटो लावा," मी म्हटलं. "त्याला वायरिंगही लागत नाही."

ती तार मी कापून टाकली. उद्या समितीला लाल दिवाच दिसेल, आणि तो लाल का, हेही मीच सांगेन.

पण सगळ्यात जास्त चीड कशाची आली? जाताना सायली म्हणाली, "सॉरी मॅडम, मी नुसता दिवाच बघितला."

आज दिवसभरात माफी मागितली ती फक्त तिने.